नाव सांगत नाही

१

"काका, वाट लागली! वही गेली!"

सोमवारी सकाळी साडेनऊला चंद्रप्रकाश धुरी पंतनगरातल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दारात उभा राहून एवढंच बोलला आणि धापा टाकायला लागला. गुणाजी साळसकर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते बाहेर आले. कुठली वही, हे विचारायची गरज नव्हती. खाणवाडीत वही एकच होती, आणि ती त्यांनीच लिहिली होती.

घाटकोपरच्या पश्चिमेला, डोंगर फोडून दगड काढायची खाण होती तिच्या काठाला खाणवाडी वसलेली. दोनशे बारा खोल्या, चार नळ, दारातून वाहणारी गटारं. शहात्तर साली सरकारने तिथली मोजणी केली तेव्हा गुणाजी कारकून होते. दारोदार फिरून खोली नंबर, मालकाचं नाव, माणसं किती, सगळं त्यांनीच टिपलं. आता शहाऐंशी साली, दहा वर्षांनी, सुधार योजना आली होती. खोल्या पाडायच्या, चार मजली इमारती बांधायच्या, घरात मोरी, घरात नळ. नियम एकच. शहात्तरच्या वहीत नाव असेल त्याला खोली मिळणार, नसेल त्याने सामान उचलायचं. कचेरीतली प्रत वाळवीने कधीच संपवली होती. उरली होती ती वाडीच्या कमिटीच्या कपाटातली वही, आणि गुरुवारी साहेब ती तपासायला येणार होते.

"कपाट फोडलं?" गुणाजींनी विचारलं.

"छे! चावीनं उघडलं. चावी गणपतीच्या फोटोमागे असते, अख्ख्या वाडीला माहीत आहे. आणि हे बघा, चोर चिठ्ठी ठेवून गेलाय. आहे की नाही कमाल?"

कमिटीचा सेक्रेटरी चंद्रप्रकाश तसा उत्साही प्राणी. चिठ्ठी त्याने आरतीच्या पुस्तकात जपून आणली होती. पेन्सिलीने, मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं :

'वही फाडली नाय. जाळली नाय. सोनं वाटायचा सण झाला की आणून देईन. कोनी घाबरू नये.'

"सोन्याची मागणी आहे, काका!" चंद्रप्रकाश म्हणाला. "सरळ पोलिसात जाऊ या का?"

"पोलीस आले की योजना वर्षभर लांबली म्हणून समज. गुरुवारपर्यंत मी बघतो. अरे, ती वही मला तोंडपाठ आहे. काना-मात्रेची चूक सापडणार नाही तिच्यात."

हे वाक्य गुणाजी गेली दहा वर्षं म्हणत आले होते. कमिटीने भूमिपूजनाला त्यांचा सत्कार ठेवला होता तोही याच वाक्याच्या जोरावर. शाल ठरली होती, श्रीफळ ठरलं होतं.

चंद्रप्रकाश गेल्यावर त्यांनी चिठ्ठी खिडकीपाशी धरली आणि त्यांचा चेहरा पडला. कागद दुरेघी होता, कोपऱ्यात दुकानदाराचा जांभळा शिक्का होता. असल्या डझनभर वह्या त्यांनी स्वतः आणून दिल्या होत्या, त्यांच्याच घरातल्या माणसाला.

२

"बाबा, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?" अनुपमाने लाटणं खाली ठेवलं.

अनुपमा त्यांची सून. खाणवाडीच्या बायकांसाठी ती कमिटीच्या ऑफिसात दुपारचा साक्षरता वर्ग चालवायची. पाट्या-पुस्तकं त्याच कपाटात असायची, त्यामुळे चावीशी तिचा रोजचा संबंध.

"संशय नाही गं. विचारतोय. कागद तुझ्या वर्गातला आहे."

"वर्गात अकरा बायका आहेत. अक्षर विचाराल तर सगळ्यांचं सारखंच, कारण मीच गिरवून घेतलंय. ह्यावरून मी नाही सांगू शकत." तिने लाटणं पुन्हा उचललं. "आणि सांगू शकले असते तरी सांगितलं असतं की नाही, देव जाणे. बायका त्या वहीला किती घाबरतात ते तुम्हाला नाही कळायचं."

गुणाजींना राग आला. वहीला घाबरायचं काय कारण? खरं असेल ते लिहिलंय. तेवढ्यात आतून रुक्मिणीबाईंच्या खोकल्याची उबळ आली. त्या त्यांच्या पत्नी, आठवडाभर अंथरुणाला होत्या.

"आई, नव्या औषधाचा गुण येतोय का?" अनुपमाने विचारलं.

"पडतोय हो फरक," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "कालच्यापेक्षा बरंच बरं आहे."

गुणाजी चपला घालून खाणवाडीकडे निघाले.

ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. मधल्या टेबलावर नव्या इमारतींचा प्लायवूडचा नमुना मांडलेला, हिरव्या रंगाच्या भुशाची झाडं लावलेली. नळावर जाणाऱ्या बायका खिडकीतून त्या नमुन्याकडे बघून पुढे जायच्या. ओट्यावर राजाराम पाष्टे बिडी ओढत बसला होता. हा राजाराम टेंपो चालवायचा, आणि चंद्रप्रकाशचा उजवा हात म्हणून मिरवायचा. वाडी त्याला रामा म्हणायची.

"काका, वही गेली तर गेली," तो म्हणाला. "तुम्ही आहात ना? तुमचा शब्द म्हणजे वहीच. सत्तावीस नंबरवर काय लिहिलंय, सांगा बरं?"

"रामा पाष्टे. माणसं तीन," गुणाजी झटक्यात म्हणाले.

"बघा! झकास! म्हणजे मीच. मी, आमचा दादा नि वहिनी. दादा वारला, वहिनी राहते खोलीत. राहू दे. पण खोली माझी, हे साहेबापुढे एकदा बोललात की झालं."

"राहायला कुठे असतोस तू?"

"असतो इथंच, ओट्यावर. मस्त शांत आहे ना आपली वाडी, काका? मी मुंबईत आलो तवापासून हे बरं बघितलं. खाण बंद, मशीन बंद. टेंपो लावला की बसल्या जागी डोळा लागतो."

गुणाजींनी मान डोलावली. ऑफिसच्या दारात सत्तावीस नंबरची विमलाबाई केर काढत होती. तीच ती वहिनी. रोज सकाळी ऑफिस झाडायची, त्याबद्दल कमिटी तिला काही द्यायची. राजारामचं बोलणं तिने ऐकलं, पदर खोचला आणि केरसुणी जरा जोरात फिरवली.

"विमलाबाई, काल इथे कुणी परकं आलं होतं का?" गुणाजींनी विचारलं.

"नाय भाऊ, परकं कोन येणार?" ती म्हणाली.

दुसरीही एक गोष्ट त्या सकाळी घडली. एक्केचाळीस नंबरला कुलूप दिसलं म्हणून गुणाजींनी चौकशी केली. "सोनूबाई गेली दहिसरला, पुतणीकडे," चंद्रप्रकाशने सांगितलं. "श्रावणात साहेबांनी वही चाळली, त्यात तिचं नाव निघालं नाही. एकटी म्हातारी. भांडली पण नाही हो, गाठोडं उचललं नि चालू पडली." एखादीचं राहिलं असेल, तिने तेव्हा सांगितलं नसेल, असं मनाशी म्हणून गुणाजी पुढे निघाले.

बुधवार संध्याकाळपर्यंत त्यांनी अकराच्या अकरा बायकांशी बोलून घेतलं. एकीनेही नजर चुकवली नाही. हाती शून्य. आणि सकाळी साहेब येणार.

३

घरी आले तेव्हा अनुपमा सासूला औषध पाजत होती.

"आता म्हणा बरं, आई, औषधाचा गुण आला!" ती हसत म्हणाली. "एकदा तरी म्हणा!"

"चल, चावट कुठली."

"बाबा, बघितलंत? मी ह्या घरात सात वर्षं आहे. आई 'फरक पडला' म्हणतील, 'लागू पडलं' म्हणतील, पण गुण म्हणून कधी म्हणणार नाहीत. तुमचं नाव येतं ना त्यात!"

रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. गुणाजी मात्र हसले नाहीत. शर्टाचं बटण काढता काढता त्यांचा हात थांबला.

चाळीस वर्षं संसार झाला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ते ज्या शब्दात येतं तो शब्दही ओलांडून जायचा. त्यांच्या आईचंही तसंच होतं. आत्याचंही. कोकणातल्या घरोघरी तेच.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. सोनं वाटायचा सण. आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतात तो सण. एवढे तीन शब्द गिरवत बसण्यापेक्षा 'दसरा' लिहून मोकळं होणं किती सोपं! नुकतं लिहायला शिकलेलं माणूस एक अक्षर वाचवायला बघतं. हिने मात्र लांबचा वळसा घेतला होता. कारण जवळच्या वाटेवर नवऱ्याचं नाव उभं होतं.

"दसरा... दसरथ... दशरथ!" गुणाजी ओरडलेच. "चोराच्या नवऱ्याचं नाव दशरथ आहे!"

मग त्यांनी डोळे मिटून वही एक नंबरपासून आठवायला घेतली. खाली बसून दोनशे बारापर्यंत गेले आणि डोळे उघडले.

"पण असं कसं? माझ्या वहीत दशरथ नावाचा माणूसच नाही."

अनुपमा औषधाची बाटली हातात घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, वर्गाच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला विचारलं होतं, तुला सगळ्यात आधी कुठला शब्द लिहायचाय? कुणी मुलाचं नाव सांगितलं, कुणी गावाचं. विमलाबाई सांगेनाच. मी भिंतीवरच्या रामायणाच्या चित्रांखालची नावं वाचून दाखवत गेले. एका नावाला तिने माझा हात धरला. महिनाभर तेच गिरवत होती."

"कुठलं नाव?"

"दशरथ."

"पण सत्तावीसवर रामा आहे," गुणाजी म्हणाले.

४

विमलाबाई दारात तांदूळ निवडत होती. गुणाजींना बघून तिने सूप बाजूला केलं आणि बसायला पाट दिला. अजून उजेड होता.

"बाई," गुणाजी म्हणाले, "मुलगा कधी येणार तुमचा?"

"अंबादास? तो वापीला फॅक्टरीत हाय, भाऊ. सोनं वाटायच्या सणाला रजा गावंल. मग लांज्याला जाऊन ट्रंक घेऊन येईल. ट्रंकेत ह्यांचा गिरणीचा पास हाय, चौऱ्याहत्तर सालचा. ह्याच खोलीचा पत्ता हाय त्याच्यावर." बोलता बोलता ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं होतं.

गुणाजींनी विचारलं, "मालकांचं नाव काय तुमच्या?"

चार वर्षांपूर्वी विधवा झालेली ती बाई, तिने मान वळवली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "रामाच्या बापाचं जे नाव, तेच ह्यांचं."

आणि गुणाजींना तो दिवस आठवला. तो कसला दिवस, तो क्षणच समोर आला. तेव्हा खाण चालू होती. दगड फोडायचं मशीन असं धडधडत होतं की शेजारच्याचं बोलणं कळेना. वहीच्या पानांवर पांढरी धूळ बसत होती. चाळीस खोल्या उरकायच्या होत्या आणि त्यांना घरी जायची घाई होती. दारात एक तरुण बाई, शेजारी नऊ-दहा वर्षांचा पोरगा. मालकाचं नाव काय? ती लाजली, मान वळवून काहीतरी बोलली. त्यांना ऐकू आलं एवढंच : 'रामा'. लिहिलं. अंगठा घेतला. ती पुन्हा काही सांगायला लागली, तेव्हा हात हलवून ते म्हणाले होते...

"तुम्ही म्हणालात, झालं झालं, पुढे," विमलाबाई म्हणाली. "मी सांगत होते, आसं न्हाय. तुम्ही पुढच्या दारात गेलात. मला काय वाचता येत व्हतं? बरोबरच लिवलं आसंल म्हटलं, शिकलेला मानूस हाय. औंदा अक्षर शिकले. पाट्या काढायला कपाट उघडलं की वही दिसायची. एक दिवस काढली नि बघितलं." ती कडवट हसली. "भाऊ, तुम्ही बापाचं नाव इचारलंत नि लेकाचं लिवून गेलात."

"मग माझ्याकडे का नाही आलात, बाई?"

"कशी येऊ? तुम्ही ऑफिसात बसून सांगत व्हता, काना-मात्रेची चूक न्हाय म्हणून. समोर रामाभावजी बसलेले. तुम्ही दोघं मोठी मानसं. माझं कोन ऐकनार?"

गुणाजींना वाटलं, जमीन दुभंगावी. स्वतःची बायको चाळीस वर्षं 'गुण' शब्द ओलांडून जाते हे माहीत असलेला माणूस, आणि त्याला एका बाईचं साधं कोडं थांबून ऐकता आलं नव्हतं. लाज वाटली, स्वतःची किळस आली. ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "चुकलो मी, बाई. फार चुकलो." हे तिच्यापर्यंत पोचलं की नाही कोण जाणे. ती आत गेली, तांदळाच्या डब्यात हात घातला आणि खणात गुंडाळलेली वही काढून त्यांच्या हातात ठेवली.

"चोरी केली मी. साहेबाला नाव सांगा माझं. पन खोली जाऊ देऊ नका."

वाडीच्या तोंडाशी चंद्रप्रकाश भेटला. वही बघून त्याने गुणाजींना मिठीच मारायची बाकी ठेवली. पण सगळं ऐकल्यावर त्याने त्यांना बाजूला ओढलं.

"काका, असलं काही साहेबांपुढे बोलू नका. एक चूक कबूल केलीत की अख्ख्या मोजणीवर बोट येईल. तुमची चौकशी लागेल. सत्काराचं सोडा, लोक तोंडावर थुंकतील. रामा तर रामा. लिहिलंय ते लिहिलंय ना?"

वही काखेत मारून गुणाजी घरी आले. जेवण गेलं नाही. टेबलावर त्यांचं जुनं पेन होतं, शाईही त्याच रंगाची होती. एक शब्द खोडून त्यावर दुसरा लिहायचा, कुणाला पत्ता लागला नसता. पेनाचं टोपण त्यांनी दोनदा काढलं आणि दोनदा लावलं.

५

गुरुवारी सकाळी ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी वही उघडली तशी पानांतून तांदळाचे चार दाणे टेबलावर पडले.

"ही कुठे होती?" साहेब म्हणाले.

"कुठे होती ते कृपा करून विचारू नका, साहेब," गुणाजी उठून म्हणाले. "का गेली, ते मी सांगतो. सत्तावीस नंबर काढा."

"रामा पाष्टे. माणसं तीन," साहेबांनी वाचलं.

"हजर!" राजाराम पुढे आला. "मीच तो."

"राजाराम," गुणाजींनी विचारलं, "तू मुंबईत आलास तेव्हा खाण चालू होती का रे?"

"नाय, बंदच होती. तुम्हाला सोमवारी बोललो ना? एकदम शांतता."

"साहेब, त्या पानावर बोट फिरवा."

साहेबांनी बोट फिरवलं. शिवणीत अजूनही पांढरी पूड होती.

"ही खाणीची धूळ. मी हे पान लिहिलं तेव्हा दगड फोडायचं मशीन माझ्या कानाशी चालू होतं. खाण बंद झाली ती त्यानंतर. हा आला तोच मुळी खाण बंद झाल्यावर, हे आत्ता त्यानेच सांगितलं. मग मोजणीच्या दिवशी ह्या खोलीत असलेला रामा हा कसा?"

राजारामने चंद्रप्रकाशकडे बघितलं. चंद्रप्रकाश प्लायवूडच्या इमारतीकडे बघत होता.

"मग तो रामा कोण?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. रामा नावाचा माणूस तिथे नव्हताच, साहेब. तो मी जन्माला घातला." गुणाजींनी विमलाबाईकडे हात केला. "ह्या बाईने नवरा, स्वतः आणि शेजारी उभा पोरगा अशी तीन माणसं सांगितली. नवऱ्याचं नाव उघड घ्यायचं नाही म्हणून म्हणाली, रामाच्या बापाचं नाव. मी रामावरच थांबलो. तिने दुरुस्त करायला तोंड उघडलं तर हाताने गप्प केलं. दहा वर्षं छाती काढून फिरलो. चूक माझी आहे. काय चौकशी लावायची ती माझ्यावर लावा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"साळसकर, तुमच्यावर चौकशी लागेलच. पण बाईंनी नवऱ्याचं नाव स्वतः सांगायला पाहिजे. तुम्ही सांगून चालणार नाही."

सगळ्यांनी विमलाबाईकडे बघितलं. तिचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. गुणाजींच्या मनात आलं, आपल्या एका चुकीपायी आता हिला भरल्या सभेत नवऱ्याचं नाव घ्यायला लागणार.

विमलाबाई पुढे आली. तिने साहेबांपुढचं पेन उचललं, वही स्वतःकडे फिरवली आणि 'रामा'च्या वरच्या मोकळ्या जागेत, जीभ दातांत धरून, चार अक्षरं काढली. द, श, र, थ. महिनाभर गिरवलेली, अजिबात न अडखळता.

"तोंडानं घेनार न्हाय, साहेब," ती म्हणाली. "म्हणून तर लिवायला शिकले."

साहेबांनी त्या अक्षरांखाली सही केली. "मुलगा पास घेऊन येऊ दे. पास पटला की खोली तुमची. दसऱ्यापर्यंत दुरुस्त्या घेईन, त्यानंतर यादी बंद." विमलाबाई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. अनुपमाने तिला जवळ घेतलं.

गुणाजींनी वही उचलली. आता त्यांना एकही पान तोंडपाठ वाटत नव्हतं. उभ्या उभ्या पानं उलटत गेले आणि एक्केचाळीस नंबरपाशी अडले. मालकाच्या नावाच्या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'नाव सांगत नाही.'

आदल्या संध्याकाळी वही आठवताना इथे ते थांबले कसे नाहीत? नाव नाही म्हणजे माणूस नाही, असंच इतकी वर्षं धरून चालले होते.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी दहिसरच्या नदीकाठच्या एका चाळीत गुणाजी पत्ता विचारत फिरत होते. सोनूबाई पुतणीच्या दाराबाहेर गोणपाटावर बसली होती. गाठोडं शेजारीच, अजून न सोडलेलं. तिने त्यांना ओळखलं. ओळखून चेहरा फिरवला.

"आता काय ऱ्हायलं न्यायचं?" ती म्हणाली.

गुणाजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. सत्काराची शाल आता कधीच मिळणार नव्हती, ते ठीकच होतं. त्यांनी कागद काढला, पेन काढलं.

"आजी, मालकांचं नाव पाहिजे होतं."

"न्हाय घेत मी."

"घेऊ नका. पण कसं ते सांगा. मी बसलोय. संध्याकाळ झाली तरी बसेन."

म्हातारीने कागदाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मग पुटपुटली, "थोरला न्हाय तो."

गुणाजींनी पेन खाली टेकवलं नाही. ते नीट विचार करत राहिले. थोरला नाही तो धाकटा.

"धाकू?" त्यांनी विचारलं. आणि मग, दहा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते, "बरोबर आहे ना, आजी? पुन्हा एकदा सांगा."

सोनूबाईने पदराने तोंड झाकून मान हलवली. पदराखाली ती हसत होती की रडत होती, ते त्यांना कळलं नाही, आणि ते विचारायचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी नाव लिहिलं, कागद तिच्यापुढे धरला आणि तिने बोट ठेवेपर्यंत वाट बघितली.